बाण

रबाळ्याच्या कारखान्यात मी दिवसाला चारशे बाण कापते.
हिरवट, फिके, उजेडात बावळट दिसणारे.
दिवे गेले की त्यांना कंठ फुटतो :
इकडून बाहेर. जिन्याने बाहेर. पळा, बाहेर.
मॉलमध्ये जातात, इस्पितळात जातात.
लावलेला एकही मी अजून पाहिलेला नाही.
दिवे चालू असताना भिंतीकडे कोण बघतं?

शनिवारी डबीभर पूड घरी आणली.
टेबलावरची झाडणी. बिसेन सुपरवायझर म्हणाला,
न्या ताई, नाहीतरी कचऱ्यातच जायची.

घणसोलीत आमची खोली एक, खिडकी एक.
प्रज्योतने पातेलं काढलं, मी हिसकावलं,
आइस्क्रीमचा रिकामा डबा दिला.
यात पुन्हा कुणी काही खायचं नाही, कळलं?
शाळेच्या प्रकल्पातला उरलेला पांढरा गोंद,
तेवढंच पाणी, दोन चमचे पूड.
टाकणखार मात्र मी माझ्या हाताने
कोमट पाण्यात विरघळवला.
मी थेंब सोडत गेले, तनुजा ढवळत गेली.
बराच वेळ काही नाही, नुसतं पाणचट दूध,
आणि मग ते एकदम हट्टाला पेटलं,
चमच्याला धरून बसलं, सोडेचना.

"शेंबूड," प्रज्योत म्हणाला, अतिशय आदराने.
शेजारची अल्फिया दारातूनच ओरडली, माझा पण वाटा!
तीन वाटे केले, मोजून. भांडण व्हायचं ते झालंच.
ट्यूबखाली धरले वाटे, भाकरीसारखे उलटसुलट,
आणि दिवा घालवला, तर अंधारच होईना.
समोरच्या आयटी पार्कची तेरा मजल्यांची काच
आमच्या भिंतीवर रात्रभर सांडलेली असते.
पडदा लावला, पडद्यावर चादर. नाहीच.
शेवटी चौघं मोरीत शिरलो, बादलीला पाय लावून,
दार ओढून घेतलं.

तिथे मिळाला अंधार.
पहिल्यांदा अल्फियाची हनुवटी दिसली, हिरवी,
मग तिच्या पडक्या दाताची जागा.
मग तीन मुठी, बोटांच्या फटींतून गळणाऱ्या.
कुणीच बोललं नाही. नळ तेवढा ठिबकत होता.
"हे दमतं का गं आई?"
दमतं. मंद होत जातं.
मग पुन्हा उजेड पाजायचा.

सोमवारपासून माझी दुसरी पाळी.
पावणेबाराला येते, चपला हातात घेऊन,
ट्यूब लावत नाही, पोरांची सकाळची शाळा.
चाचपडते, स्टुलाला पाय आपटतो,
शिवी गिळते, ताट शोधते.

बुधवारी दार ढकललं
आणि भिंतीवर बाण.
बोटाएवढा जाड, शेपूट वाकडं,
कारखान्यात असता तर मीच बाद केला असता.
स्टुलाला वळसा घालून ओट्याकडे नेत होता,
झाकलेल्या ताटाकडे. आत.
एवढे बाण कापले, हे तोंड
कधी मशीनवर लावलं नव्हतं.

पण मला हा माल माहीत आहे.
दहाला निजलेल्या घरात पावणेबाराला
तो एवढा उजळत नसतो.
पाचच मिनिटांपूर्वी कुणीतरी त्याला बॅटरी दाखवली होती.
अंथरुणात दोघंही घोरत होते, जरा जास्तच,
आणि तनुजाच्या गोधडीतून
पिवळा उजेड येत होता, विझवायचा राहिलेला.

मी काही बोलले नाही.
त्याच उजेडात जेवले, चवळीची उसळ, गार भाकरी.
घोरणं मध्येच थांबायचं,
मी घास चावते का ते ऐकायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

सकाळी बाण घसरून फरशीवर आला होता,
रंगाचा तळहाताएवढा पोपडा सोबत घेऊन.
घरमालक डिपॉझिटमधून कापेल.
प्रज्योत दात घासता घासता म्हणाला,
आज टेप लावून बघू.